सागाच्या पोटातले खिळे

भाऊसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटाच्या पेरानं टकटक करत, कान देऊन ऐकत आणि मग घरमालकाला विचारत, "सागवान हाय. पास हाय काय याचा?"

पास म्हणजे जंगलातून लाकूड बाहेर काढायचा सरकारी परवाना. आता राहत्या घराच्या चौकटीचा परवाना कोण विचारतो? पण भाऊसाहेब विचारत. अकोल्याच्या कोर्टात आमच्या बाररूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत आणि पाठीमागे 'जंगली वकील'. खरं नाव मी सांगत नाही. सांगून आता कुणाचं काही भलं व्हायचं नाही.

मी त्यांच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून लागलो ते एकोणीसशे पन्नास साल उलटल्यानंतर. कोर्टात ते पुस्तकातलं मराठी बोलत आणि चिडले किंवा खुशीत आले की थेट वऱ्हाडीत उतरत. एकदा भाचीसाठी स्थळ पाहायला ते मला घेऊन अमरावतीला गेले. मुलाच्या घरी बैठकीत नवा कोरा पलंग होता. भाऊसाहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली, वाकून पलंगाच्या पायावर टकटक केलं आणि मुलाच्या वडिलांना विचारलं, "पास हाय काय?"

"हो हो," ते घाईघाईनं म्हणाले, "बी.ए. पास आहे. सेकंड क्लास."

लग्न जमलं. बाररूममध्ये मात्र पुढे कितीतरी दिवस कुणाचाही मुलगा समोर आला की कुणीतरी टेबलावर टकटक करी.

हे वेड त्यांना लहानपणीच लागलं होतं. त्यांचे वडील बार्शीटाकळीच्या पुढे, एका टेकडीच्या पायथ्याच्या देवळात पुजारी होते. देवळाच्या मागून सरकारी सागाचं जंगल सुरू व्हायचं. वडील गेले, पण भाऊसाहेबांचा रविवार चुकला नाही. मलाही ते पुष्कळदा नेत. देवाला नमस्कार करायचा, पायथ्याच्या माळ्याच्या घरून आलेली झेंडूची फुलं वाहायची आणि टेकडी चढायची. वर गेल्यावर ते जास्त बोलत नसत. एखाद्या बुंध्याला हात लावून नुसते उभे राहत.

भर दुपारी आमच्यासमोरून बैलगाड्या उतरत. वर कडब्याच्या पेंढ्या, खाली सागाचे ओंडके. चोरी करणाऱ्या माणसानं निदान तोंड तरी लपवावं. हे गाडीवान उलट हसून म्हणत, "रामराम वकीलसाहेब!"

भाऊसाहेब अर्ज लिहीत. वरून उत्तर येई की चौकशी सुरू आहे. असं बरीच वर्षं चाललं. शेवटी एक नाकेदार, म्हणजे जंगलाचा शिपाई, साक्ष द्यायला तयार झाला. भाऊसाहेबांनीच त्याला धीर दिला होता. खटला उभा राहिला. तारखेच्या आधी कुणीतरी कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्या नाकेदाराचा पाय मोडला. तो काठी टेकत कोर्टात आला, आरोपींकडे न पाहता म्हणाला, "मी यातल्या कोनालेच वळखत नाही."

सगळे सुटले. बाहेर व्हरांड्यात त्यानं भाऊसाहेबांचे हात धरले. "साहेब, मले दोन पोरी हायत."

"तुयी काही चूक नाही, बाबू," भाऊसाहेब म्हणाले. त्याला त्यांनी टांग्यात बसवून दिलं.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. वर्षानुवर्षं एकाच दारावर थाप मारणारा आणि एका दिवशी थाप मारायची थांबवणारा. आपल्याला वाटतं, बरं झालं, शांत झाला. मलाही तसंच वाटलं. अर्ज बंद झाले. रविवारी ते एकटेच, एक जड पिशवी घेऊन, टेकडीवर जाऊ लागले. पिशवीत काय आहे ते त्यांनीच मला एकदा दाखवलं. वीतभर लांबीचे लोखंडी खिळे आणि घण.

"बुंध्यात पार आत ठोकतो. वरून साल लिंपून देतो," ते म्हणाले. "चोराची कुऱ्हाड मोडन, आरागिरणीची करवत तुटन. आता झाडच साक्ष देईन. त्याचा पाय कोन मोडते?"

"भाऊसाहेब, हा गुन्हा आहे. आणि करवतीपुढे माणूस उभा असतो."

"गुन्हा? त्या जंगलात गुन्हा कोनाले म्हणतात ते मले आता समजत नाही."

आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी त्यांचं टेबल सोडलं. आठवड्यानं बायकोनं समजावलं म्हणून परत गेलो. झाडांत खिळे असल्याची बातमी भाऊसाहेबांनी स्वतःच चहाच्या टपऱ्यांवर पसरवली होती. चोर बिचकले. एक हिवाळाभर टेकडीवर कुऱ्हाड वाजली नाही, आणि भाऊसाहेबांच्या तोंडावर मी कधी नव्हे ती झोप झाल्यासारखी तुकतुकी पाहिली.

मग सरकारनंच टेकडीवरच्या जंगलाचा एक भाग तोडायला लिलावात काढला. रीतसर, कायद्यानं. मी म्हणालो, "आता तरी त्या बाहेरगावच्या ठेकेदाराला खिळ्यांचं सांगा."

"लिलाव म्हणजे पास असलेली चोरी," ते म्हणाले. "तुटू दे एकदोन करवती."

करवत तुटली. लाकूड कापायच्या आरागिरणीत करवतीचा फिरता पट्टा खिळ्यावर आदळून फाटला आणि समोरच्या कामगाराच्या मानेत गेला. दवाखान्यात नेईपर्यंत तो संपला होता. तो कोण, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. टेकडीच्या पायथ्याच्या त्याच माळ्याचा मुलगा. त्याच्या घरची फुलं देवळात येत असत.

भाऊसाहेब उठले, कोट घातला आणि पोलीस ठाण्यात गेले. मी बरोबर होतो. त्यांनी सगळं सांगितलं. फौजदारानं ऐकून घेतलं, त्यांच्यासाठी पाणी मागवलं. "वकीलसाहेब, अपघात म्हणून कागद झाला. गिरणीवाल्याची तक्रार नाही, ठेकेदाराची नाही. तुमी हे कावून, कशाले गळ्यात घेऊन राहिले? घरी जा."

कोणीच त्यांना आरोपी करायला तयार होईना. मग ते पटाशी आणि पक्कड घेऊन टेकडीवर जाऊ लागले, खिळे उपटायला. पण सालीनं खिळे गिळले होते. कुठल्या झाडात आहे, कुठल्यात नाही, त्यांनाही आठवेना. ते बुंधे चाचपत, खरवडत फिरत. हातांची सालटं निघाली होती. अशाच एका दुपारी नव्या नाकेदारानं त्यांना पकडलं. सरकारी झाडाला इजा केल्याचा गुन्हा. मी त्यांच्या वतीनं कोर्टात उभा राहिलो.

"गुन्हा कबूल आहे," ते म्हणाले. "पण हा नव्हे. माझा गुन्हा मोठा आहे. तो लिहून घ्यावा."

मॅजिस्ट्रेटनी पेनाला टोपण लावलं. "समोर आहे तेवढंच मला पाहता येतं." त्यांनी ताकीद देऊन सोडलं. त्या जंगलाच्या बाबतीत माझ्या माहितीत शाबीत झालेला तो एकच गुन्हा.

कोर्टातून ते थेट माळ्याच्या घरी गेले. मला नको म्हणाले, तरी मी गेलो. मेलेल्याची बायको अंगणात कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. पुजारीबुवांचा मुलगा म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला, बसायला पोतं टाकलं. भाऊसाहेब बसले नाहीत.

"बाई, तो खिळा मी ठोकला होता."

तिला ते लवकर समजलं नाही. समजल्यावर ती हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "झाडाले खिळा कावून ठोकला जी?"

"जंगल वाचवाले."

मग खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं, "मग वाचलं काय?"

भाऊसाहेब पुन्हा कोर्टात आले नाहीत. जेवण सोडल्यासारखंच केलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात गेले. कोर्टाला अर्धा दिवस सुट्टी मिळाली आणि त्यांच्या टेबलावर दुसरा वकील बसला.

त्यानंतर काही वर्षांनी एका तारखेसाठी मी प्रवासी मोटारीनं त्या बाजूला गेलो. वळणावरून टेकडी दिसली. साग गेला होता. पण जमिनीलगत नव्हता कापलेला. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे बुंधे उतारभर उभे होते, जणू गर्दी करून कुणीतरी वाट पाहत थांबलं आहे.

शेजारचा प्रवासी खिडकीतून पाहत म्हणाला, "इतक्या वरून कावून कापले असतीन?"

कंडक्टर तिकिटं फाडत होता. "खाली खिळे हायत म्हणे," तो म्हणाला. "कोन्या येड्यानं ठोकले कोन जाने. मंग लोकं वरून कापतेत."