बहिणीचं ऊन
करोनानंतरच्या हिवाळ्यात, कल्याणजवळ मोहन्याला, माझ्या धाकट्या बहिणीची हाडं मऊ झाल्याचं निदान झालं. तिची कंबर दुखायची आणि जिना चढताना कठड्याला धरून पाय ओढावा लागायचा. डॉक्टर म्हणाले, ड जीवनसत्त्व फार कमी आहे. औषध घ्या आणि रोज उन्हात बसा. ती गोरी. काळी पडेल म्हणून आईने तिला लहानपणापासून उन्हात जाऊ दिलं नव्हतं. गच्चीवर पापड वाळत घालायला आणि कावळे हाकायला कायम मीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरच्या पसरून गच्चीच्या कोपऱ्यात टेकले होते. शेजारच्या टॉवरमुळे ऊन तेवढ्याच कोपऱ्यात यायचं. आई बहिणीला धरून वर आली. "ऊठ गं, तिला बसू दे. तुला काय करायचंय ऊन?" मी उठले. आईने बहिणीची सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि तोंडावर ओढणी टाकली. "श्वास तरी घेऊ दे," बहीण ओढणीआडून म्हणाली, "ताई, तू पण बस ना." "ती बसलीय की आयुष्यभर," आई म्हणाली. इतकी वर्षं घरातली सावली बहिणीची होती, त्या दिवसापासून ऊनही तिचं झालं. वर्षभरात ती बरी झाली. गेल्या महिन्यात माझे गुडघे दुखू लागले म्हणून मी रक्ताची तपासणी करून घेतली, तर माझंही ड जीवनसत्त्व कमी निघालं. आईला फोन केला. "तुझं कसं कमी होईल? लॅब बदल," ती म्हणाली. मी बदलली. दुसरा रिपोर्टही तसाच आला.