उत्तमसिंगची हॉबी

आर्णीच्या अलीकडे एक बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्या तांड्यातला पहिला मॅट्रिक म्हणजे उत्तमसिंग राठोड. मॅट्रिक होऊनही तो नोकरीच्या मागे न लागता बापाच्या शेतात कापूस आणि तूर पाहायचा, म्हणून त्याच्याबद्दल तांड्यात दोन मतं होती. तांड्याचे नाईक सेवादास म्हणायचे, पोरगा समजदार आहे. बाकीचे म्हणायचे, नापास झाला असेल, सांगत नसेल.

एकसष्ट साली ब्लॉकच्या साहेबांनी त्याचं नाव वर पाठवलं. शेतकऱ्यांच्या पोरांनी एकमेकांच्या देशात जाऊन काही महिने शेतकऱ्याच्याच घरी राहावं, अशी कायशी योजना निघाली होती. मुलाखत नागपूरला होती. तिथल्या साहेबांनी बियाण्यांचं विचारलं, खताचं विचारलं, शेवटी इंग्रजीत विचारलं, "तुमची हॉबी काय?" हा शब्द उत्तमसिंगनं कधी ऐकला नव्हता. व्यसनाबिसनाचं विचारून राह्यले असतील, असं समजून तो ताठ बसला आणि म्हणाला, "नो हॉबी, सर. तंबाखूसुद्धा नाही." साहेब लोक पोट धरून हसले आणि त्यांनी त्याला निवडून टाकलं.

निघताना त्याच्या याडीनं, म्हणजे आई मानीबाईनं, जवसाच्या चटणीचा एक डबा बांधून दिला. "तिकडं लोक काय खातात, भरोसा नाही," ती म्हणाली. "अन् गायीचं पुढं आलं तं हात जोडजो."

अमेरिकेत नेब्रास्का नावाच्या मुलखात हॅरल्ड आणि एडना या नवराबायकोच्या घरी त्याची सोय होती. दोघंही साठीकडे झुकलेली, मुलं आपापल्या संसाराला लागलेली. मानीबाईनं सांगितल्याप्रमाणे उत्तमसिंगनं पहिल्याच जेवणाला हात जोडले. त्या घरात बीफशिवाय पान हलत नव्हतं, पण एडनानं वाद घातला नाही. तिनं कोंबडी केली. कोंबडी पाहून उत्तमसिंगला बरं वाटलं, एक घास खाल्ल्यावर वाईट वाटलं. तीत मीठ होतं आणि दुसरं काही नव्हतं.

ताटात सगळंच असं होतं. बटाटा लहान लेकराला भरवावा तसा कालवलेला. लोणचं मागितलं तर काकडीचं आलं, आणि तेही गोड. वर लाल रंगाचं, पारदर्शक, थरथरणारं काहीतरी, ज्याला चमचा लावला की ते अंग चोरून घ्यायचं. आणि प्रत्येक जेवणासोबत दुधाचा मोठा गिलास. मिशा पांढऱ्या झालेला हॅरल्ड वासरासारखा दूध पितो, याचं उत्तमसिंगला फार नवल वाटलं.

एकदा त्याला कपाटात लाल तिखटाची बाटली सापडली. आनंदानं त्यानं अंड्यावर अर्धी बाटली रिकामी केली. एडना घाबरून पाहतच राहिली. पण ते तिखट नुसतं रंगापुरतं होतं, त्यात जीवच नव्हता. मग त्यानं जवसाचा डबा काढला. हॅरल्डनं माणुसकीखातर चमचाभर चटणी तोंडात टाकली आणि त्या दिवशी त्याला दुधाचं खरं काम कळलं.

ज्वारी दिसली तेव्हा मात्र उत्तमसिंगला गहिवरून आलं. रस्त्याच्या कडेला एकरच्या एकर उभी होती. "हिची भाकर करता का तुम्ही?" त्यानं विचारलं.

"गुरांना घालतो," हॅरल्ड म्हणाला.

हे तांड्यात सांगायचं नाही, एवढं उत्तमसिंगनं तिथंच ठरवलं.

खाण्याची सवय हळूहळू झाली. कोहळ्याचा गोड काला भरलेली त्यांची जाडजूड पोळी त्याला आवडायलाही लागली, कारण ती डोळे मिटून खाल्ली की घरच्या कोहळ्याच्या तळलेल्या गोड बोंडांची आठवण यायची. पण त्या हॉबीनं त्याचा पिच्छा सोडला नाही. भेटेल तो माणूस आधी नाव विचारायचा आणि मग हॉबी. शेजारी पोस्टाची तिकिटं जमवायचा. पाद्रीबाबा पक्षी मोजायचे. रिकाम्या वेळात गडी माणूस नुसता बसत नाही, हे उत्तमसिंगला पटायला जड गेलं. तांड्यात बसणं हेच रिकाम्या वेळाचं काम होतं.

हॅरल्डनं त्याला मासे धरायला नेलं. अख्खी सकाळ दोघं काठावर बसले. दुपारी उत्तमसिंगच्या गळाला एक मासा लागला. हॅरल्डनं त्याचं कौतुक केलं, मासा हातात घेऊन पाहिला आणि परत पाण्यात सोडून दिला.

"काहून सोडला?" उत्तमसिंगच्या तोंडून मराठीच निघालं.

"लहान होता. आणि मजा तर झाली ना?" हॅरल्ड त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून म्हणाला.

जेवण पाण्यात सोडून देण्याची मजा उत्तमसिंगला कळली नाही. पुन्हा तो मासे धरायला गेला नाही.

ऑगस्टात त्याला घरची फार आठवण यायला लागली. तिकडं कापसाला कळ्यांच्या पात्या लागल्या असतील, निंदण चाललं असेल, आणि इथं नजर जाईल तिथवर मका. बोलावं तर मराठी कुणाला येत नाही, तांड्याच्या गोरबोलीचं तर नावच नको. एका दुपारी तो उगाच घरात आला. बैठकीत एडना आणि तिच्या चारपाच मैत्रिणी एका लाकडी चौकटीभोवती बसल्या होत्या. रंगीत चिंध्यांचे तुकडे जोडून त्यांनी एक मोठी चादर केली होती आणि तिच्याखाली भरायला एडना कापसाचा पापुद्रा उलगडत होती.

उत्तमसिंग दारातच थांबला. मग जवळ गेला आणि न विचारता त्यानं कापसात हात घातला. मऊ होता, सरकी काढलेला. किती तरी दिवसांनी ओळखीचं काही हाताला लागलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि बायांपुढं काय करावं ते त्याला सुचेना.

एडनानं शेजारची खुर्ची ओढली आणि सुईत दोरा ओवून त्याच्या हातात दिली.

त्यानंतर दर बुधवारी तो बायांमध्ये बसायला लागला. टाका वाकडा पडायचा, बोटाला सुई टोचायची, पण बाया बोलत असायच्या आणि तांड्यातल्या बायांसारख्याच एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत असायच्या. अर्धं कळायचं, तेवढं पुरे होतं. निघताना एडनानं ती गोधडी त्यालाच दिली.

तो परत आला तेव्हा नाईकांच्या ओट्यावर सगळा तांडा जमला. तिकडं ट्रॅक्टर केवढा असतो, गाय दूध किती देते, सगळं विचारून झालं. शेवटी नाईक म्हणाले, "अन् तू काय शिकून आला?"

उत्तमसिंगनं गोधडी उलगडली. "हे शिवाले शिकलो."

मागून शेजारचा बाबुलाल म्हणाला, "सात समुद्र पार करून गोधडी? तुही याडी इथंच शिकवत होती ना, फुकट." लोकांना हसायला एवढं पुष्कळ झालं. मानीबाई हसली नाही. तिनं गोधडी उलटी करून मागची बाजू पाहिली आणि म्हणाली, "बाईचा टाका चांगला हाय. तुहा कोणता ते दिसूनच राह्यलं."

उत्तमसिंगनं मनावर घेतलं नाही. चार लाकडं ठोकून त्यानं अंगणात चौकट उभी केली. घरचाच कापूस, आईच्या जुन्या फेटियांचे, म्हणजे घागऱ्यांचे, तुकडे. शेतातून आला की तो शिवायला बसायचा. गडीमाणसं आधी थट्टा करायला यायची, मग गप्पा मारायला येऊ लागली. कुणी विचारलंच, की तो सांगायचा, "ही हॉबी आहे." म्हणजे काय, असं विचारलं तर सांगायचा, "ज्याचं काही काम नाही, पण सोडवत नाही, ते." यावर बाबुलाल म्हणाला की मग त्याची हॉबी दारू आहे.

दोन वर्षांनी जमनीशी त्याचं लग्न ठरलं. तिच्या घरच्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं, पोरगा बायांसारखं शिवत बसतो. जमनीनं तेवढंच ऐकून होकार दिला, असं तिची मावशी पुढं सांगायची. घरात बसणारा नवरा तिला चालणार होता. तिचा बाप कधी घरात बसला नव्हता.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात एक दिवस उत्तमसिंग विळा विसरला म्हणून भर दुपारी शेतातून परतला. अंगणात जमनी चौकटीशी बसली होती. त्याचे आदल्या दिवशीचे वाकडे टाके ती हळूच उसवत होती आणि त्याच जागी, त्याच दोऱ्यानं, सरळ घालत होती. तिचं त्याच्याकडं लक्ष नव्हतं. तो कुडाआड थोडा वेळ उभा राहिला आणि विळा न घेताच परत गेला.

संध्याकाळी जेवताना तो आईला म्हणाला, "याडी, पाह्यलं का? आता माहा हात बसला."

मानीबाईनं सुनेकडं पाहिलं. जमनीनं त्याच्या ताटात अजून एक भाकर वाढली आणि म्हणाली, "होय बाप्पा, चांगला बसला."