हलक्या बॅगेतला गोविंद

कोंडीरामच्या उजव्या हातावर मंडईचा विश्वास होता. छत्तीस वर्षं तो कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तोलाईचं काम करत होता. काट्यावर ठेवण्याआधी पोतं नुसतं उचलायचा आणि बोलायचा, "एक्केचाळीस, वर दोन कांदे." दोन कांदे म्हणजे दोनच कांदे. एकदा एका गिऱ्हाइकाने हट्टाने मोजून पाहिलं, तर तीन निघाले. कोंडीरामने तिसरा कांदा हातात घेतला, फिरवला आणि म्हणाला, "हा आतून सडलाय. ह्याला मी धरला नव्हता." कापला, तर खरंच सडका!

असा माणूस निवृत्त होऊन विश्रांतवाडीला मुलाच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला आणि त्याला तोलायला काही उरलं नाही. सकाळी दुधाची पिशवी तोलायची, "आज वीस ग्रॅम कमी दिलंय" म्हणायचं, आणि दिवस संपला.

मुलगा योगेश खराडीला कंपनीत होता. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी जर्मनीला धाडलं. तिथे सून नम्रताचे दिवस भरत आले आणि आईबाबांना तिकिटं आली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, योगेशचा फोन आला. (रात्री कोंडीराम फोन उचलत नसे. रात्रीचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, आणि ते सकाळी कळलं तरी गेलेला माणूस काही परत येत नाही, असं त्याचं म्हणणं.)

"बाबा, एका माणसाला एकच बॅग. तेवीस किलो. वर एक किलोही नाही. म्हणून हलकी बॅग घ्या."

कोंडीरामच्या बायकोची, द्वारकाची, बॅग शेजारच्या वासंतीबाईंनी दिली होती. ती गोधड्या, दुपटी आणि चकल्यांनी केव्हाच भरली. उरली कोंडीरामची. डिंकाचे लाडू, आळीव, बाळंतशोपा, मेतकूट हे सगळं त्याने हाताने तोललं: अठरा किलो. आणि मग द्वारकाने आतून वरवंटा आणून ठेवला.

"हे कशाला?"

"अहो, बारशाला काय करायचं? आधी वरवंटा सजवून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, मग बाळ निजवतात. योगेशच्या बारशाला हाच होता. तुमच्याही."

"जर्मनीत दगड मिळत न्हाईत व्हय?"

"दगड मिळतील. गोविंद कुठून मिळणार? हा नसेल तर मी येत नाही. तुम्ही जाऊन बाळंतपण करून या."

बारशाला त्याला गोविंद म्हणतात, म्हणून द्वारका एरवीही त्याला गोविंदच म्हणे. विषय संपला. हातातल्या पिशवीतून दगड विमानात नेऊ देत नाहीत, हे योगेशने आधीच बजावलं होतं. वरवंटा चार किलोचा. अंदाजे नव्हे, कोंडीरामने तो तरुणपणीच मंडईतल्या शिक्क्याच्या वजनांशी ताडून पाहिला होता. अठरा आणि चार बावीस. म्हणजे बॅग एक किलोच्या आत हवी.

तोलायला हाताशी खात्रीचं वजन असावं म्हणून कोंडीराम वरवंटाच घेऊन बॅगेच्या खरेदीला निघाला. द्वारकाने अडवलं. "उघडाबोडका नेऊ नका त्याला." तिने योगेशची जुनी कुंची काढून वरवंट्याला घातली, नाडी बांधली आणि वर तीट लावली.

पहिलं दुकान पेठेतलं. मालक वर्तमानपत्र वाचत होते.

"हलकी बॅग दाखवा."

मालकांनी पान उलटलं. "हलका माल आम्ही ठेवत नाही. तो समोर फुटपाथवर मिळतो."

"तसं न्हाई. वजनाला हलकी."

"मग बॅग कशाला घेता? रुमाल घ्या." आणि पुन्हा वर्तमानपत्र.

दुसरं दुकान नव्या मॉलमध्ये. दारावरच्या पहारेकऱ्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या, पण कोंडीरामच्या खांद्यावरची कुंची पाहून आवाज खाली आणला आणि त्याला लिफ्टने वर पाठवलं. आत एक मुलगी धावत आली.

"या ना अंकल! ही बघा, एकदम भारी बॅग!"

"भारी नको, बाई."

"अहो अंकल, भारी म्हणजे लाइटवेट!"

कोंडीराम खुर्चीवर बसला. एका दुकानात हलकी म्हणजे भिकार आणि दुसऱ्यात भारी म्हणजे हलकी! छत्तीस वर्षांच्या तोलाईत असा घोळ कधी झाला नव्हता. उठून त्याने डाव्या हातात वरवंटा घेतला, उजव्यात बॅग, डोळे मिटले, दोन्ही हात खालीवर केले. "तीन किलो शंभर."

मुलीने चिठ्ठी पाहिली. तीन किलो शंभर. ती चाट पडली. "अंकल, तुम्ही बाळाला बॅगेशी तोलताय?" म्हणून तिने कौतुकाने कुंची बाजूला केली. आतला दगड पाहून तिने ती हळूच पुन्हा झाकली.

शेवटी कोंडीराम मंडईमागे हुसेनभाईंकडे गेला. हुसेनभाई तीन पिढ्यांचे बॅग शिवणारे आणि कोंडीरामच्या हाताचे जुने साक्षीदार. त्यांनी आधी वरवंट्याला हात लावून "मुलगा का मुलगी?" विचारलं, मग हकिकत ऐकली आणि कापडी बॅग काढली.

"अडीच," कोंडीराम म्हणाला.

"चाकं काढू?"

"काढा. पोत्याला कधी चाकं असतात?"

चाकं निघाली. "दोन."

ओढायचा दांडा निघाला. "दीड." तळाची फळी निघाली, आतले कप्पे निघाले, कुलूप निघालं. प्रत्येक वेळी कोंडीराम एका हातात गोविंद आणि दुसऱ्यात बॅग घेऊन डोळे मिटायचा. हळूहळू बघे जमले. एकाने फूलही वाहिलं.

"चेन काढली की नाडी ओवतो," हुसेनभाई म्हणाले. "पण भाऊ, ह्यापुढे हिला बॅग म्हणालात तर माझं नाव सांगू नका."

चेन निघाली. कोंडीरामने डोळे मिटले आणि हसला. "नऊशे ग्रॅम."

विमानतळावर सगळे बॅगा ओढत होते. कोंडीराम आपलं बोचकं डोक्यावर घेऊन आला. काउंटरवरच्या मुलीने ते पट्ट्यावर ठेवायला सांगितलं.

"बावीस नऊशे," कोंडीराम तिच्या आधी म्हणाला.

मुलीने आकडा पाहिला. "आजोबा, चोवीस सहाशे. काहीतरी काढावं लागेल."

कोंडीरामचा चेहरा उतरला. "काट्याला पासंग असेल. मंडईत काटा रिकामाच एका बाजूला झुकत असला की त्याला आम्ही पासंग म्हणतो. थांबा, रिकामा करून बघू." त्याने बोचकं उचललं. आकडा शून्य. पासंग नव्हता. पुन्हा ठेवलं. द्वारका काळजीने जवळ सरकली. चोवीस सहाशे.

मागची रांग चुळबुळू लागली. कोंडीराम आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. हा हात छत्तीस वर्षांत चुकला नव्हता. आता म्हातारा झाला म्हणायचा.

"काढ गं वरवंटा," तो हळूच म्हणाला.

द्वारकाने वाद घातला नाही. बोचक्याकडे बघून तिने डोळे मिटले आणि निरोपाला दोन्ही हात जोडले.

"आजोबा!" मुलगी ओरडली. "बावीस नऊशे!"

कोंडीरामने आकडा पाहिला. मग बायकोकडे पाहिलं. "द्वारका, मघाशी हात कुठं होता?"

"गोविंदावर. म्हटलं, घाबरायचा नवीन जागी."

"ठेव परत."

तिने ठेवला. चोवीस सहाशे. काढला. बावीस नऊशे. रांगेतला एक तरुण म्हणाला, "आजी, अजून एकदा!" तिने ठेवला. रांग हसली.

"अख्ख्या मंडईचे पासंग पकडले," कोंडीराम म्हणाला, "आणि घरचा पासंग चाळीस वर्षं मंगळसूत्र घालून फिरतोय."

"घरच्या पासंगामुळेच सरळ चाललात," द्वारका म्हणाली. "नाहीतर कुठे झुकला असतात कोण जाणे."

मुलीने हसू दाबत विचारलं, "बॅगेत काही नाजूक आहे का?"

"दगड हाय," कोंडीराम म्हणाला.

"आहे! आहे नाजूक!" द्वारका म्हणाली. "आणि उताणा ठेवा हं, तोंडावर पडू देऊ नका."

मुलीने क्षणभर विचार केला आणि फुटक्या काचेच्या पेल्याचं चित्र असलेली लाल चिठ्ठी बोचक्यावर चिकटवली. तिचंही वजन कोंडीरामने हाताने अजमावून पाहिलं, आणि मगच बोचकं पुढे जाऊ दिलं.