कांदा विकला आणि गाडी घरात आली

नाशिकरोडच्या पुढे, रुळांपासून हाकेच्या अंतरावर मी घर घेतलं, तेव्हा बायकोची अट एकच होती: तिचा सकाळचा गाण्याचा क्लास तिथे चालला पाहिजे. नाही चालला, तर परत गंगापूर रोडच्या फ्लॅटवर. हे तिने मला सामान उतरवणाऱ्या माणसांसमोर ऐकवलं, म्हणजे साक्षीदारही झाले.

घर पाहायला गेलो तेव्हा पावसाळा तोंडावर होता. मागून मालगाडी गेली. "एवढाच आवाज?" बायको म्हणाली. मी अशी मान हलवली, जणू तो मीच कमी करून घेतला होता. तरी खबरदारी म्हणून खिडक्यांना दुहेरी काचा बसवल्या. पुढचे काही महिने क्लास छान चालला, आणि श्रेय अर्थात काचांचं, म्हणजे माझं. येईल त्याला चहा पाजून मी दोन काचांमधल्या पोकळीचं शास्त्र सांगायचो. गल्लीतल्या दोघांनी तर माझं ऐकून तशा काचा बसवूनही घेतल्या.

आमच्या घराच्या आणि रुळांच्या मध्ये शेजारच्या काकांची कांदाचाळ. लांबलचक, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, वर पत्रा आणि आत माणूसभर उंचीचा कांद्याचा ढीग. तिच्याबद्दल माझं मत एवढंच, की वास येतो. ती जरा पलीकडे हलवता येईल का, असं मी काकांना एकदा सुचवलंही होतं. ते "बघू" म्हणाले.

दिवाळीच्या तोंडावर काकांनी चाळ रिकामी केली. ट्रॅक्टर भरभरून कांदा मार्केटला गेला. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मुलींनी सा लावला आणि एक्सप्रेस थेट आमच्या हॉलमधून गेली. एका मुलीने पेटीवरचे हात उचलून कानांवर ठेवले. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काचांकडे पाहिलं. उठून खिडकी नीट लागली आहे का तेही पाहिलं. लागली होती. त्याच खिडकीतून, चाळीच्या पट्ट्यांच्या फटींमधून, मला गाडीची चाकं पळताना दिसली. आदल्या दिवसापर्यंत तिथे कांदा होता.

आठवडाभर हेच चाललं. दोन मुली यायच्या बंद झाल्या आणि बायकोने फ्लॅटच्या भाडेकरूला फोन लावला, तेव्हा मी काकांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

"काका, घाई केलीत. अजून भाव चढला असता."

"सर, तुम्ही कधीपासून कांद्याचा भाव बघाया लागले?"

मग खरं सांगावं लागलं. काका हसले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं.

"मंग आता काय करू? चाळीत ठेवायचा कांदा यायला उन्हाळा उजाडंल."

"दुसरं काही भरून ठेवता येईल का? चारा, पोती..."

"तुमीच चाळ हलवा म्हनत होते ना? मी जागा बघून ठेवली हाय."

मी घाईघाईने म्हणालो, की चाळ आहे तिथेच शोभून दिसते.

काकू दारात तांदूळ निवडत ऐकत होत्या. "त्यांचं ऱ्हाऊ द्या," त्या मला म्हणाल्या. "ताईंना सांगा, पोरी आमच्या ओट्यावर बसवा. इकडच्या अंगाला गाडीचा आवाज लय येत नाय, मधी आख्खं घर हाय. आन् मलाबी भजन नीट शिकायचंय."

ही गोष्ट मी त्या ओट्यावर बसूनच ऐकत होतो. मागून एक गाडी चाललीही होती, आणि काकू बोलेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून क्लास तिकडे भरला. गेलेल्या मुली परत आल्या. भाडेकरूला पुन्हा फोन गेला, की राहा निवांत. मी मात्र घरात गाड्यांसोबत.

उन्हाळ्यात चाळ पुन्हा भरली आणि घर शांत झालं. मी मोठ्या उत्साहाने हॉल झाडला, सतरंजी अंथरली आणि बायकोला म्हटलं, "आण आता क्लास घरी."

"कशाला? काकूंचा सूर आत्ता कुठे लागायला लागलाय," ती म्हणाली. "आणि तिथे मध्येच येऊन कुणी काही समजावत नाही."

पेटी उचलून ती कुंपणापलीकडे गेली. मी सतरंजीची घडी घातली. एवढ्या शांत घरात सकाळी काय करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.