तीन नंबरचं टपाल

कुणी दिला यांना हा अधिकार? अकोल्याला बाबांच्या कॉम्प्युटरसमोर बसले की माझ्या तोंडून पहिलं हेच निघायचं. बाबांनी चप्पल घेतली, दुकानदाराने बिलासाठी ईमेल मागितला, बाबांनी तो सांगितला. तिथून तो कुणाकुणाला विकला गेला कुणास ठाऊक. कर्ज घ्या. लॉटरी लागली. प्लॉट घ्या. तुमचं खातं आज बंद होणार. आता पत्रकं मीही वाटते. अमरावतीच्या बसस्थानकावर बायकांना धड संडास नाही म्हणून भर उन्हात वाटते. पण मी समोर उभी असते. नको म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हणता येतं. या लोकांना तोंडच नाही!

बाबा जिनिंगमध्ये होते. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजाने त्यांचे कान गेले. फोन त्यांच्या कामाचा नाही, म्हणून मी जुना कॉम्प्युटर आणून अक्षरं मोठी करून दिली. घरात मी उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते आणि ते मोठ्याने उत्तर देतात. शेजाऱ्यांना आमचं भांडण नेहमी अर्धंच ऐकू जातं.

एकदा मी पोचले तेव्हा ते "खातं बंद होणार"वाल्या मेलमध्ये आपल्या पेन्शनच्या खात्याचा नंबर भरत बसले होते. मी माऊस हिसकावला. कागदावर लिहिलं, "आजपासून फक्त ओळखीच्यांचं पत्र येईल. बाकी सगळं आपोआप डिलीट."

"नाही," बाबा म्हणाले. "मंग माह्या दोस्ताचं पत्र कसं येईन?"

हा दोस्त त्यांच्या शेजारच्या रेच्यावर होता. आता अचलपूरला लेकीकडे असतो. त्याला नागपूरला हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. स्वतःचा ईमेल नाही. कधी फॉर्म भरायच्या दुकानातून, कधी नातवाच्या, कधी फोटोवाल्याच्या पत्त्यावरून लिहवून घेतो. म्हणजे दर वेळी नवा, अनोळखी पत्ता. ऑपरेशनची खबरही अशीच येणार होती.

"त्यांना एक पत्ता काढून घ्यायला सांगा," मी लिहिलं.

"त्याले पासवर्ड ध्यानात राह्यते काय? जिनात सोताचा डबा कोठं ठेवला थे इसरे थो."

मग मी दोस्ताची सगळी जुनी पत्रं काढायला लावली. पत्ते वेगळे, लिहिणारे वेगळे, पण सुरुवात एकच: सलाम, तीन नंबर. बाबांचा रेचा तीन नंबरचा होता. जगात दुसरं कुणी त्यांना या नावाने हाक मारत नाही. हे नाव कर्जवाल्यांना कुठल्याच बाजारात विकत मिळणार नाही.

मी नियम लावला. ज्या पत्रात "तीन नंबर" असेल ते कुठूनही येवो, स्पॅममध्ये जाणार नाही, थेट वर येईल. बँकेचा आणि पेन्शनच्या ऑफिसचा खरा पत्ता ओळखीच्यांत घातला. दुकानदारांना सांगायला वेगळा ईमेल काढला आणि त्याची चिठ्ठी बाबांच्या खिशात ठेवली.

"बाकीचं डिलीट?" मी पुन्हा लिहिलं.

"काहून? ओसरीवर बसू दे ना. मी पाह्यत जाईन. हात नाही लावणार."

म्हणून अनोळखी मेलसाठी एक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ओसरी. मला ते पटलं नव्हतं. चोरांना बसायला सतरंजी कशाला टाकायची?

ऑपरेशनच्या दिवशी मी अकोल्यालाच होते. बाबा सकाळपासून खुर्चीतून हलले नाहीत. तीन नंबरच्या नावाने काही आलं नाही. दुसरा दिवसही तसाच गेला. ताटातली भाकरी मोडून तशीच राहिली. "थो गेला असंन तर मले कोण सांगन?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी त्यांनी ओसरी उघडली. लॉटरीच्या खाली एक मेल होता. पत्ता अनोळखी, विषयात "अर्जंट अर्जंट", सोबत जोडलेली फाईल. मी घाईघाईने लिहिलं, "उघडू नका!" बाबांनी फाईलला हात लावला नाही. मजकूर मात्र मोठ्याने वाचला.

"आदरणीय काकाजी, अब्बाचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरनं बोलाले मना केलं. इशाऱ्यानं तुमचंच विचारून राहिले, म्हणून मी लिहिलं. फोटो पाठवला."

लेकीने लिहिलं होतं. तिला बापाच्या दोस्ताचं जिनातलं नाव कुठून ठाऊक असणार?

"आता उघडू काय?" बाबांनी मला विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. फोटोत नळ्या लावलेले, एक डोळा मिचकावलेले म्हातारबुवा. बाबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "दाढी कोण करन याची?" असं म्हणत त्यांनी बाहीने डोळे पुसले.

मी लेकीचा पत्ता ओळखीच्यांत घातला आणि उत्तर लिहायला बसले. हात पत्रकं लिहिण्याच्या सवयीचा, भराभर परिच्छेद पडायला लागले. बाबांनी मागून वाचलं.

"एवढं नको लिहू, बाई. थ्या पोरीलेच वाचून दाखवा लागते, अन् तिले दवाखान्यात धावपळ हाये. लिव, मी आता जेवतो. तू बी जेव."