घेणाऱ्याचं नाव

माझा मामा फकिरा बालाघाटच्या बसस्टँडवर पार्सलं बुक करतो. पार्सलाला तो ‘नग’ म्हणतो आणि पावतीला ‘बिल्टी’. पाठवणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं नाव बिल्टीवर लिहिल्याशिवाय तो एक डबाही बसवर चढू देत नाही. सख्ख्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या आईच्या पापडांचीही त्यानं बिल्टी फाडली होती. आई आठ दिवस धुसफुसत होती.

मागच्या वर्षी मला परदेशात नोकरी लागली. म्हणजे दुलीचंद नावाच्या एजंटानं तसं सांगितलं. टुरिस्ट व्हिसावर थायलंड, तिथून गाडीनं नदीपार, मग एसीत बसून कॉम्प्युटरवर काम. नदीपार कुठला देश, हे मी विचारलंच नाही. घरी बसून कंटाळलेल्या माणसाला एसी म्हटलं की भूगोल सुचत नाही.

निघायच्या सकाळी दुलीचंदनं जमवलेल्या आम्ही चौघीजणी गोंदियाच्या बसपाशी उभ्या होतो. आमचे पासपोर्ट दुलीचंदच्या बॅगेत होते. तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, “हाँ, चार नग निकल रहे हैं.”

झालं! मामा बिल्टीबुक घेऊन धावत आला. “कुठं हायत नग? वजन केलं काय?”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुलीचंदनं हसत आमच्याकडे बोट दाखवलं. “अरे काका, यही तो हैं!”

मामा हसला नाही. कानावरची पेन्सिल काढून त्यानं लिहायला घेतलं. “बरं. घेणाऱ्याचं नाव?”

“वहाँ कंपनी का आदमी आएगा.”

“त्याले नाव नाही काय? गाव सांग.”

“नदी के उस पार.”

“अन् नग हरवला तं कोन भरून देईन?”

दुलीचंदनं मामाला ढकललं. मामा ड्रायव्हरकडे बघून ओरडला, “गाडी हालवू नको बाप्पा, बिना बिल्टीचे चार नग हायत!” ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. हमाल जमले. दुलीचंदची बोबडी वळली. पासपोर्ट मामाच्या हातात कोंबून त्यानं धूम ठोकली. मामा आम्हाला घेऊन थेट पोलीस ठाण्यात गेला.

बाकीच्या तिघी मामाच्या पाया पडल्या. मी मात्र तीन महिने त्याच्याशी बोलले नाही. माझ्या नोकरीवर त्यानं पाणी फिरवलं, असंच माझ्या डोक्यात होतं.

मग जवळच्या भरवेली गावची कमला परत आली. आमच्या आधी ती त्याच वाटेनं गेली होती. तिथं तारेच्या कुंपणाआड कोंडून तिच्याकडून फोनवर लोकांना फसवायचं काम करून घेत होते. ती म्हणाली, “मार सोसला व. पन आठ महिने मले कोनी कमला म्हनून हाक नाही मारली. मी फक्त चौदा नंबर.”

मी उठले ती सरळ बसस्टँडवर गेले. मामा कुणाशी तरी पत्त्यावरून हुज्जत घालत होता. मला बघताच अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, “रिने, चहा घेतं काय व?”

मला रडूच फुटलं. म्हटलं, “हौ मामा. पन अजून एकदा हाक मार.”