शब्बाथची दुसरी गोळी

शनिवारी संध्याकाळी गॉर्मेलियाच्या घरातली सगळी पाती पेटीत जात. सुरी, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री. वडिलांची दुनळी बंदूक कपाटात कुलूपबंद, आणि किल्ली बायबलखाली. रविवारचे बटाटेसुद्धा आदल्या दिवशीच सोलून पाण्यात पडलेले असत. स्कॉटलंडच्या लुईस बेटावर शब्बाथला, म्हणजे रविवारी, कामाला हात लावायचा नाही, हे काही कुणी शिकवावं लागत नाही. एकसष्ट वर्षांत एकाही रविवारी ती किल्ली जागची हलली नव्हती.

तरी तिने चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस कधी घेतला नव्हता. त्या टेबलाशी बसायची आपली लायकी नाही, असं म्हणत तिकडे माणसं म्हातारी होतात. यंदा मात्र तिने मन घट्ट केलं होतं. चर्चच्या पंचांपैकी टॉर्मॉड रविवारी संध्याकाळी घरी येऊन तिला प्रश्न विचारणार होते. उत्तरं पटली की शिशाची एक चकती मिळते. ती हातात असली तरच टेबलाशी जागा.

"तुझी आई लायकीची वाट बघतच गेली," टॉर्मॉड म्हणाले होते. "तूही आता आमचे दात पडायची वाट बघतेयस काय?"

"तुमचे कधीचेच पडलेत," ती म्हणाली होती.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, समुद्राकाठचे कडे बघायला आलेला क्लाइव नावाचा प्रवासी तिच्याकडे उतरला. बरोबर बार्नी, वासराएवढा कुत्रा.

"पट्टा सोडू नका हं," तिने बजावलं. "माझ्या अठरा मेंढ्या गाभण आहेत."

"बार्नी? अहो बाई, तो मांजराला घाबरतो."

सकाळी बार्नीने तिच्या हातून भाकरीचा तुकडाही खाल्ला.

चर्चला जायची काळी टोपी डोक्यावर ठेवताना तिला खिडकीतून मेंढ्या पळताना दिसल्या, सगळ्या एकगठ्ठा, कड्याच्या दिशेने. मागे बार्नी, छातीपर्यंत लाल. दोन मेंढ्या तिच्या डोळ्यांदेखत कड्यावरून गेल्या. तिसरीच्या गळ्याला तो लोंबकळला होता. क्लाइव लांब एका खडकावर पाठ करून समुद्राचे फोटो काढत होता; वाऱ्यात त्याला काही ऐकू येत नव्हतं.

गॉर्मेलियाने बायबल उचललं आणि किल्ली घेतली.

पहिली गोळी बार्नीच्या मागच्या पायात बसली. तो मेंढीवरून उडून पडला. बाकीच्या मेंढ्या वळल्या, वरच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग दुसरी गोळी.

क्लाइव धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी तिला ढकललं. दगडावर आपटून तिचा ओठ फुटला.

"तो पडला होता! नुसता पडला होता तो!"

"होय," ती म्हणाली.

ती उठली, घरात गेली, पेटीतून सुरी काढली. गळा फाटलेली मेंढी अजून पाय झाडत होती. तिला एका झटक्यात संपवलं, पोट चिरलं. आत दोन कोकरं होती. एक श्वास घेत होतं. ते तिने काळ्या कोटात गुंडाळलं.

संध्याकाळी टॉर्मॉड आले तेव्हा कोकरू चुलीपाशी खोक्यात होतं आणि बंदूक टेबलावर. क्लाइव दुपारीच कुत्र्याला गाडीत घालून गेला होता.

"मेंढ्यांचं कळलं मला. गरजेचं काम शब्बाथला चालतं," टॉर्मॉड म्हणाले. "मला आता काही विचारायचं नाही." त्यांनी चकती तिच्यासमोर ठेवली.

ती चकतीकडे बघत राहिली. "एकच गोळी गरजेची होती."

"आणि दुसरी?"

"त्याचा पाय मोडला होता. मेंढ्या लांब होत्या. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघून शेपूट हलवायला लागला."

"रागात माणसाकडून होतं, गॉर्मेलिया."

"राग पहिल्या गोळीला होता. दुसऱ्या वेळी मला बरं वाटलं, टॉर्मॉड. अजून वाटतंय."

 तिनेच एका बोटाने चकती त्यांच्याकडे सरकवली. नखात अजून रक्त होतं. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली.

"पुढच्या वर्षी विचारीन."

"विचारा."

दाराशी ते थांबले. "बंदूक आत ठेवून देऊ का?"

"राहू द्या. उद्या पुसून ठेवीन," ती म्हणाली आणि दुधाची बाटली घेऊन कोकराजवळ खाली बसली.